वक्फ आणि ट्रस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मादाय संस्थांचे कागद हाताळण्याचं काम मी करतो. मशिदीच्या कमिटीचे लोक, दर्ग्याचे मुजावर, शाळा चालवणारे विश्वस्त, आणि आजोबांनी दान दिलेल्या जमिनीचा सातबारा घेऊन येणारे नातू असे सगळेच समोर बसतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. तुमच्या प्रकरणात काय होईल ते कागद बघूनच कळेल. ही फक्त समजूत नीट व्हावी म्हणून केलेली मांडणी आहे.

वक्फ म्हणजे मुसलमानांचा ट्रस्टच ना? नाव वेगळं, गोष्ट एकच?

लांबून बघितलं तर तसंच दिसतं. कुणीतरी मालमत्ता बाजूला काढतो, दुसरा ती सांभाळतो, फायदा तिसऱ्याला मिळतो. वक्फमध्ये या तिघांना वाकिफ, मुतवल्ली आणि लाभार्थी म्हणतात. ट्रस्टमध्ये संस्थापक, विश्वस्त आणि लाभार्थी.

फरक कळतो तो "मालक कोण?" असं विचारल्यावर. ट्रस्टमध्ये मालक माणूसच असतो. कागदावर विश्वस्ताचं नाव लागतं आणि त्या मालकीला एक जबाबदारी चिकटलेली असते. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात ट्रस्टची व्याख्याच "मालकीशी जोडलेलं दायित्व" अशी केली आहे. वक्फमध्ये, आपल्याकडे चालत आलेल्या हनफी मतानुसार (सुन्नी मुसलमानांच्या चार कायदेपंथांपैकी हा एक), मालकी माणसाकडे उरतच नाही. ती अल्लाकडे जाते आणि तिथेच थांबते. "वक्फ" या शब्दाचा अर्थच थांबवणं, अडवून धरणं असा आहे.

ट्रस्टमध्ये कायदा विश्वस्ताला बांधतो, वक्फमध्ये तो त्या जमिनीलाच बांधतो. पुढचे बरेचसे फरक यातूनच निघतात.

मग हे देवस्थान इनामासारखं झालं का?

मराठी माणसाला ही तुलना पटकन कळते, कारण देवाच्या नावावर सातबारा आपण पाहिलेला असतो. पण ती अर्धीच बरोबर आहे. हिंदू कायद्यात मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असते. ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. मशिदीला तसं व्यक्तिमत्त्व मानायला प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमलातलं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) १९४० मध्ये, लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या खटल्यात, नकार दिला. तिथे कोर्टात जायचं तर मुतवल्लीनेच जायचं, नाहीतर नमाजींनी.

वक्फची कल्पना आली कुठून?

कुराणात "वक्फ" हा शब्द या अर्थाने येत नाही. आधार धरतात तो हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचा. पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली. तिचं काय करावं, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तराचा सारांश असा: मूळ जमीन धरून ठेव, उत्पन्न दान कर. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसाहक्काने जाऊ द्यायची नाही. शिवाय जो सांभाळेल त्याने त्यातून रीतसर खाल्लं तर दोष नाही. मुतवल्लीच्या मेहनतान्याचं मूळ इथे आहे.

दुसरा आधार "सदका-ए-जारिया"चा, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणाऱ्या दानाचा. विहीर खणून देणाऱ्याच्या घरात हाच शब्द ऐकू येतो.

आणि ट्रस्टची?

ट्रस्ट इंग्लंडमधला, आणि त्याचं एक मूळ गमतीशीर आहे. फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू १२२४ मध्ये इंग्लंडात पोचले. त्यांचं व्रत असं, की स्वतःच्या मालकीचं काहीही नको. पण राहायला छप्पर तर हवं. मग घर गावाच्या किंवा एखाद्या भल्या माणसाच्या नावावर घ्यायचं, साधूंनी "वापरायचं". या वापराला तिथे "यूज" म्हणत. पुढे जमीनदारांनी हीच युक्ती सरंजामी देणी चुकवायला वापरली, इतकी की आठव्या हेन्रीला सोळाव्या शतकात त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

ज्याच्या नावावर जमीन आहे तोच उलटला तर? साधी न्यायालयं फक्त नाव बघत, त्यामुळे तिथे दाद लागत नसे. लोक चान्सलरकडे, म्हणजे राजाच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, जात. चान्सलर बहुधा धर्मगुरू असायचा आणि तो विचारायचा, "तुझ्या सदसद्विवेकाला हे पटतं का?" जमीन तुझी आहे हे मान्य, पण शब्द दिला होतास, तो पाळ. ट्रस्टचा कायदा या प्रश्नातून वाढला.

इंग्रजांनी ट्रस्ट वक्फवरूनच उचलला, हे खरं का?

काही अभ्यासकांनी तसं मांडलं आहे. धर्मयुद्धांमुळे पश्चिम आशियाशी संबंध आला होता, फ्रान्सिस्कनही तिकडे जात होते, आणि ऑक्सफर्डमधल्या मर्टन कॉलेजचे १२६४ चे मूळ नियम वाचले तर ते वक्फनाम्यासारखे वाटतात: संस्थापकाने मालमत्ता दिली, उत्पन्न विद्यार्थ्यांवर खर्च करायचं, संस्थापकाच्या नातलगांना प्राधान्य. साम्य नाकारता येत नाही. पण "आम्ही हे तिकडून घेतलं" असं सांगणारा कागद कुणी दाखवलेला नाही, आणि जुन्या जर्मन रूढींमध्येही दुसऱ्यासाठी मालमत्ता धरून ठेवणारा माणूस सापडतो. मला स्वतःला उसनवारीची शक्यता वाटते, पण पैज लावणार नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा इतिहासापेक्षा श्रेयात जास्त रस असतो, हेही सांगून टाकतो.

मुतवल्ली आणि विश्वस्त यांच्यात फरक काय?

मुतवल्ली हा व्यवस्थापक, मालक नव्हे. प्रिव्ही कौन्सिलने १९२१ मध्ये विद्या वारुथी तीर्थ यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. मामला एका हिंदू मठाचा होता, निकाल लिहिला तिथले न्यायाधीश आणि मुस्लिम कायद्याचे जाणकार सय्यद अमीर अली यांनी, आणि त्यात मठाचा महंत, देवळाचा शेबाईत आणि वक्फचा मुतवल्ली या तिघांबद्दल सांगितलं, की इंग्रजी अर्थाने हे विश्वस्त नाहीत. मात्र गैरकारभार केला तर विश्वस्तासारखेच जबाबदार.

विश्वस्ताची जबाबदारी किती कडक, हे बघायचं तर १७२६ चा एक इंग्लिश खटला बघा. लंडनजवळच्या रोमफर्ड बाजाराचा भाडेपट्टा एका लहान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपली. मालक म्हणाला, पोराच्या नावाने मी नूतनीकरण करणार नाही. मग विश्वस्ताने तो पट्टा स्वतःच्या नावाने घेतला. लबाडी काहीच नव्हती. मुलाला तो मिळणारच नव्हता. तरी चान्सलरने निकाल दिला, की अख्ख्या जगात हा पट्टा घेता न येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे विश्वस्त. सगळा नफा मुलाचा. केवळ आपला पाहुणा आहे म्हणून ट्रस्टचा गाळा स्वस्तात देणाऱ्यांना मी हा खटला आवर्जून सांगतो.

पैशाचं म्हणाल तर, ट्रस्टच्या दस्तात लिहिलेलं नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मागायचा हक्क नाही. मुतवल्लीसाठी वाकिफने काही ठरवलं नसेल तर न्यायालय उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठरवून देऊ शकतं, असा मुस्लिम कायद्याचा जुना नियम आहे.

स्वतःच्या मुला-नातवंडांसाठी वक्फ करता येतो? मग ते दान कसलं?

करता येतो. त्याला वक्फ-अलल-औलाद म्हणतात. यावरून एकेकाळी हिंदुस्थानात मोठं वादळ झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इस्लामी विचारात घरच्यांचं पोट भरणं हेही पुण्यच आहे. त्यामुळे उत्पन्न पिढ्यानपिढ्या वंशजांना आणि वंश संपलाच तर गोरगरिबांना, अशी रचना शेकडो वर्षं चालत होती. इंग्लिश कायद्याला नेमकं हेच खुपतं. कुणा मेलेल्या माणसाने पुढच्या दहा पिढ्यांचे हात बांधून ठेवू नयेत, हा नियम तिथे १६८२ च्या ड्यूक ऑफ नॉर्फोकच्या खटल्यापासून घट्ट झाला. खासगी ट्रस्टला काळाची मर्यादा असते. सार्वजनिक धर्मादायाला ती सूट मिळते.

१८९४ मध्ये अबुल फता महमूद इशाक यांचं प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे आलं. तिथे म्हटलं गेलं, की सगळा वंश बुडाल्यावर गरिबांना मिळणारं दान हा नुसता देखावा आहे, आणि वक्फ रद्द. एका निकालाने असंख्य घराण्यांची व्यवस्था लटकली. सय्यद अमीर अली यांनी टीका केली, विद्वान शिबली नोमानींनी मोहीम उघडली, आणि मुंबईच्या मुसलमानांनी केंद्रीय कायदेमंडळावर निवडून दिलेल्या एका तरुण बॅरिस्टराने १९११ मध्ये विधेयक मांडलं. हा बॅरिस्टर म्हणजे महंमद अली जीना. १९१३ मध्ये कायदा झाला, औलादी वक्फ पुन्हा वैध ठरला. अट एवढीच, की शेवटचा लाभ गरिबांसाठी किंवा कायमच्या धर्मकार्यासाठी राखलेला हवा. तो कायदा जुन्या वक्फांनाही लागू करायला १९३० मध्ये आणखी एक कायदा लागला.

अमीर अलींचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं, यात मला शंका नाही. पण औलादी वक्फाचा वापर मुलींचा शरीयतने दिलेला हिस्सा बुडवायला झाला, हेही तितकंच खरं. इजिप्तने १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ बंदच करून टाकले, सीरियाने त्याच्याही आधी, १९४९ मध्ये. आपल्याकडे वक्फ कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने लिहून ठेवलं, की औलादी वक्फामुळे स्त्रियांसह कुठल्याही वारसाचा हक्क डावलला जाता कामा नये.

एकदा दिलेलं परत घेता येतं का?

वक्फमध्ये नाही. "एकदा वक्फ तो कायम वक्फ" हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये म्हटलं आहे. गंमत अशी, की हनफी पंथ ज्यांच्या नावाने चालतो त्या खुद्द इमाम अबू हनीफा यांच्या मते वाकिफ वक्फ मागे घेऊ शकत होता. त्यांचे शिष्य अबू युसूफ यांचं मत उलट, तोंडून शब्द निघाला की मालकी गेली. आणि चाललं ते शिष्याचं. मालिकी पंथात ठरावीक मुदतीचाही वक्फ चालतो. खासगी ट्रस्टमध्ये मात्र परत घेण्याचं कलम दस्तातच घालता येतं. सार्वजनिक ट्रस्टला दिलेलं परत येत नाही, आणि ही गोष्ट नातवांना समजावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

वक्फची किंवा ट्रस्टची जागा विकता येते का?

महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टची जागा विकायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा इतर जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी तेच. म्हणजे दार बंद आहे, पण कडी बाहेरून उघडता येते.

वक्फच्या बाबतीत २०१३ च्या दुरुस्तीनंतर विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण हे सगळं मुळातूनच निरर्थक ठरवलं आहे. भाडेपट्टा मात्र देता येतो, काही कामांसाठी तीस वर्षांपर्यंतही.

फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, एक खिडकी होती, तिचं नाव इस्तिब्दाल. जुनी मालमत्ता निरुपयोगी झाली तर काझीच्या परवानगीने तिच्या बदल्यात दुसरी, तितक्याच मोलाची घ्यायची. सिंगापूरने या खिडकीचा भरपूर उपयोग करून घेतला. बेन्कूलन रस्त्यावरच्या जुन्या मशिदीच्या जागी सुकूक म्हणजे बिनव्याजी इस्लामी रोख्यांतून पैसा उभारून नवी मशीद आणि उत्पन्न देणारी इमारत उभी केली. आपल्याकडे ती खिडकी जवळपास बुजवली, कारण तिच्यातून चोरही शिरत होते. याचा परिणाम मोडकळीला आलेल्या वाड्यांत दिसतो: विकता येत नाही, दुरुस्तीला पैसा नाही, आणि भाडं बापजाद्यांच्या काळचं.

ज्या कामासाठी दिलं ते कामच उरलं नाही तर?

इंग्लिश कायद्यात यासाठी "साय-प्रे" नावाचा नियम आहे, मूळ हेतूच्या जास्तीत जास्त जवळ जायचं. थॉमस बेटन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने अठराव्या शतकात मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की उत्पन्नाचा अर्धा भाग तुर्कस्तानात आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून पकडलेल्या इंग्रजांना सोडवायला खर्चावा. एकोणिसाव्या शतकात सोडवायला गुलामच उरले नाहीत, पैसा मात्र साचत गेला. बरीच वर्षं खटला चालून शेवटी तो शाळांकडे वळवला. कुणी म्हणेल, यात "जवळ" काय? मलाही ते नीट उमगलेलं नाही.

वक्फमध्ये तर्क असा, की शेवटचा लाभार्थी गरीबच, म्हणून उद्देश कधी पूर्ण संपत नाही.

एक आठवण इथे सांगतोच. प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दमास्कसला गेला होता. गल्लीत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीचं ताट पडून फुटलं. लोक जमले. एकाने सांगितलं, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या नाझराकडे (व्यवस्थापकाकडे) ने. पोराने तुकडे दाखवले आणि त्याला नव्या ताटाचे पैसे मिळाले. मालकाचा मार चुकावा म्हणून कुणीतरी वक्फ करून ठेवला होता!

रोख पैशाचा वक्फ होतो का?

यावर सोळाव्या शतकात इस्तंबूलमध्ये कडाक्याचा वाद झाला. पैसा खर्चला की संपतो, मग तो "थांबवायचा" कसा? शिवाय तो कर्जाने देऊन त्यावर मिळकत घ्यायची म्हणजे व्याज झालं. धर्मपंडित बिरगिवींनी विरोध केला, पण शेखुल-इस्लाम, म्हणजे उस्मानी साम्राज्याचे मुख्य मुफ्ती, अबुस्सुऊद यांनी लोकांची सोय बघून मान्यता दिली. भारतातल्या कायद्यात जंगम मालमत्तेचा वक्फ मान्य आहे. ट्रस्टला हा प्रश्न कधी पडलाच नाही.

आमच्याकडे वक्फनामा नाही. तरी वक्फ सिद्ध होतो?

एक उदाहरण देतो, मराठवाड्यातल्या फायली साधारण अशाच असतात. जुन्या कापडात बांधलेला निजामाच्या काळातला उर्दू मुंतखब (इनामाचा सरकारी दाखला), त्यात मशिदीच्या खिदमतीसाठी दिलेली इनाम जमीन. सोबत मराठी सातबारा, त्यावर त्याच जमिनीला कब्जेदार म्हणून खिदमत करणाऱ्याच्या पणतूचं नाव, आणि "इतर हक्क" रकान्यात पुसट शेरा. दान मशिदीला होतं की सेवा करणाऱ्या माणसाला, यावरून मग वीस वर्षं वाद.

कागद अजिबातच नसेल तर पूर्वी "वापराने झालेला वक्फ" हा आधार होता. पिढ्यानपिढ्या तिथे नमाज किंवा दफन होत आलं, म्हणून ती जागा वक्फ. २०२५ च्या कायद्याने पुढच्या काळासाठी हा आधार काढून टाकला. आधी नोंदवलेले असे वक्फ कायम राहिले, पण वादातले आणि सरकारी जागेवरचे सोडून. ट्रस्टमध्ये मात्र स्थावर मालमत्तेच्या खासगी ट्रस्टला नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र लागतंच.

महाराष्ट्रात आम्ही कुणाकडे जायचं, धर्मादाय आयुक्तांकडे की वक्फ बोर्डाकडे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गोंधळ तुमचा नाही, कायद्यांचा आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात "सार्वजनिक ट्रस्ट"च्या व्याख्येतच देऊळ, मठ आणि वक्फ एका ओळीत बसवले होते. त्यामुळे मुंबई, पुणे, कोकणातल्या मशिदी-दर्गे धर्मादाय कार्यालयात मुस्लिम संस्थांच्या "बी" क्रमांकाने नोंदले गेले. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून आला, तिथे १९५४ चा वक्फ कायदा लागू होता. मग केंद्राचा १९९५ चा कायदा आला आणि ४ जानेवारी २००२ ला राज्याचं वक्फ बोर्ड स्थापन झालं. त्याचं मुख्यालय आज छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. ही जागा बोर्डाला शोभणारीच आहे, कारण ती चक्की दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळायची.

त्यानंतर प्रश्न आला, की "बी" क्रमांकाच्या सगळ्याच संस्था आता वक्फ झाल्या का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २० ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सांगितलं गेलं, की मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय ट्रस्ट वक्फ नसतो. मुसलमान माणूस ट्रस्टही करू शकतो. त्याने काय केलं ते दस्तावरून आणि हेतूवरून ठरतं.

त्यामुळे पहिलं काम हे: नोंदणीचा उतारा आणि मूळ दस्त काढा. दस्तात मालमत्ता "कायमची अल्लाच्या नावे" दिली आहे, की विश्वस्तांच्या नावे करून त्यांना विक्रीचे, बदलाचे अधिकार दिले आहेत, ते वाचा. उत्तर बरेचदा तिथेच असतं. कार्यालयात हेलपाटे घालायचे ते त्यानंतर.

२०२५ च्या दुरुस्तीने आणखी काय बदललं?

आपल्या विषयापुरतं सांगतो, राजकारण बाजूला ठेवून. एक, मुसलमानाने दुसऱ्या कायद्याखाली केलेला ट्रस्ट वक्फ कायद्याबाहेर ठेवला. दोन, वक्फच्या जागेचा ताबा परत मागायला पूर्वी मुदतीचं बंधन नव्हतं. ते कलम १०७ गेलं, त्यामुळे मुदतीचा कायदा आता इथेही लागू. मला विचाराल तर लोकांना याची झळ सगळ्यात जास्त बसेल, आणि यावर चर्चा सगळ्यात कमी झाली. तीन, मुतवल्लीने बोर्डाला द्यायची वर्गणी सात टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली. चार, सगळी माहिती केंद्राच्या उमीद पोर्टलवर भरायची. ते ६ जून २०२५ ला सुरू झालं. वक्फ करणारा किमान पाच वर्षं इस्लामचं पालन करणारा असावा, या अटीला सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने स्थगिती दिली.

मला गावातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी दोन गाळे द्यायचे आहेत. वक्फ करू की ट्रस्ट?

हे विचारणाऱ्याला मी उलट एकच विचारतो: तीस वर्षांनी तो बाजार बसला आणि गाळे रिकामे पडले, तर ते विकून पैसे बँकेत टाकायची मुभा तुम्हाला हवी आहे का? हवी असेल तर ट्रस्ट करा, आणि दस्तात तसं साफ लिहा. ती मुभा कुणालाच, तुमच्या मुलालाही, असू नये असं वाटत असेल तर वक्फ करा. श्रद्धेचा भाग तुमचा तुम्ही ठरवा.

दोन्ही बाबतीत गाळ्यांची चतुःसीमा नीट लिहा, पुढचा मुतवल्ली किंवा विश्वस्त कसा नेमायचा ते लिहा, आणि ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत बदल अर्ज भरा. तो न भरल्यामुळे मेलेल्या विश्वस्तांच्या नावानेच चालणाऱ्या संस्थांच्या फायली माझ्या कपाटात एक अख्खा खण भरून आहेत.